पाणी तोडा

पुसेगावचे सटवाजी आणि त्यांचा मुलगा हरीश यांचं कधी काडीचं जमलं नाही. भांडण असं नव्हतं. हरीशनं पूर्व म्हटलं की सटवाजींनी पश्चिम म्हणायचं, एवढंच. त्यात हरीशनं हिंगोलीत शोभेच्या माशांचं दुकान टाकलं आणि दर्शनी भागात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली, तेव्हा सटवाजींनी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर हळद केलेला माणूस. खारं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी जमिनीचं मरण, आणि हा गडी मुद्दाम मीठ कालवून ते तयार करतो!

टाकीत मासे होते आणि प्रवाळ होतं. पुण्यात नोकरीला असताना हरीशनं बोटाएवढा तुकडा आणला होता, आता त्याचा ताटाएवढा झुबका झाला होता, हिरव्या मांसल टोकांचा. समुद्र इथून कुठल्या कुठे, म्हणून एक छोटा पंप पाण्यात लाटा करी. जोर किती ठेवायचा, पाणी सतत सोडायचं की थांबून थांबून, हे त्याच्या बटणावर ठरे. हरीश त्या बटणाशी तासन्तास खेळत बसे. "मोटार चालू कर, बंद कर. त्यात येवढं काय असतंय?" सटवाजी म्हणत.

मग हरीशला डेंग्यू झाला आणि त्याला नांदेडच्या दवाखान्यात हलवावं लागलं. बायको साधना त्याच्याजवळ राहिली. दुकानात बसायला सटवाजींशिवाय होतंच कोण? निघताना हरीश म्हणाला, "बाबा, या खेपेला मी सांगन तसंच करा. आपलं डोकं चालवू नका." एरवी म्हाताऱ्यानं त्यावर चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण पोराचे डोळे तापानं लाल झाले होते. सटवाजी नुसतं "व्हय" म्हणाले.

एका दुपारी लाइट गेली, आणि परत आली तेव्हा पंप भलत्याच जोरात सुरू झाला. झोत थेट प्रवाळावर. हिरवी टोकं एका अंगाला चेपली, वाळू उडून त्यांच्यावर बसायला लागली. सटवाजींनी घाबरून फोन लावला.

"झोत त्याच्या अंगावर येऊन राहिला का?" हरीशचा आवाज खोल गेला होता.

"व्हय. पार आडवं पडलंय."

"मग पाणी तोडा, बाबा. आत्ताच तोडा."

तेवढ्यात डॉक्टर आले म्हणून साधनानं फोन ठेवला.

पाणी तोडणं सटवाजींना कुणी शिकवायची गरज नव्हती. हळदीचा पाला वाळायला लागला, काढणी जवळ आली की पाणी तोडतात. मग रानात थेंब जाऊ द्यायचा नाही. त्यांनी लाटांचा पंप बंद केला, पाणी गाळणारा दुसरा पंपही केला. टाकी निवांत झाली. टोकं सरळ झाली तसं त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. आटत्या डोहात मासे असे करतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. हात बटणाकडं गेला. पण त्यांनी स्वतःलाच दटावलं: आलास ना आपल्या वळणावर! हेच तर करू नको म्हणाला लेकरू. फोन लावला, तर साधना म्हणाली, ताप चढलाय, आत्ताच डोळा लागलाय. त्यांनी हात मागं घेतला.

सकाळी शटर उघडताच घाण वास आला. मासे तरंगत होते. हिरवं मांस गळून खाली नुसता पांढरा सांगाडा उरला होता.

ताप उतरल्यावर हरीशचाच फोन आला. "बाबा, पाणी तोडलं व्हतं ना?"

"तोडलं. दोन्ही मोटारी बंद केल्या. पाणी हलू दिलं न्हाई."

 हरीश हळूच म्हणाला, "बंद न्हाई हो, बाबा. पंप काचेकडं फिरवायचा व्हता. काचेवर आपटून धार तुटती. आमी त्यालाच पाणी तोडणं म्हंतो."



"मला वाटलं व्हतं रे," सटवाजी म्हणाले. "मासे वर आले तवाच वाटलं, चालू करावं. हात बी गेला व्हता."

"मग काहून न्हाई केलं?"

"तुझं ऐकलं, लेकरा. एकदा तरी ऐकावं म्हन्लं."