कुप्पीची मुळी

आमच्या थोरल्या जावेला मांजराचा लळा कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आता ती गल्लीभर सांगत फिरते की त्या मांजरीसाठी तिनं काय काय केलं. मांजरी इवलीशी असताना नालीच्या कडेला सापडली, तेव्हा याच बाईनं तिला खराट्यानं पुढं ढकललं होतं. मी उचललं. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, अंगावरच्या पिसवा वेचल्या. सांगायचंच झालं तर एवढं सांगावं तिनं.

भालकीत आमचं किराण्याचं दुकान. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा दुकानाच्या मधोमध पत्रा ठोकला, मागं घरात भिंत घातली आणि परस तेवढं सामाईक राहिलं. पातेली, पाट, पितळी समया, सगळं निम्मं निम्मं झालं. एका समईसाठी दोन दिवस अबोला होता. मांजरीची वाटणी मात्र कुणी केली नाही, कारण तेव्हा ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

ती गाभण राहिली आणि एकदम सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांत एक समजूत आहे. मांजर ज्या घरात व्यालं, त्या घरच्यांनी त्याची जेर, म्हणजे पिल्लांमागून पडणारी वार, हळद लावून वाळवायची आणि लाल फडक्यात बांधून गल्ल्यात ठेवायची, की धंद्याला बरकत येते. मांजर जेर लगेच खाऊन टाकतं, म्हणून ती हाती लागणं अवघड आणि म्हणूनच तिचं एवढं कौतुक. किराणावाले मानतात, आडतवाले मानतात, औषधाच्या दुकानातला शिकलेला पोरगाही मानतो. आमच्या घरात भिंतीवर शरणांची, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या संतांची, वचनं लावलेली आहेत, त्यांत असल्या गोष्टींना थारा नाही. पण ती भिंत गल्ल्यापासून लांब आहे.

आमच्या ह्यांनीही एकदा जेवताना हळूच विचारलं, "मांजरी आपल्याकडंच व्यायल न्हवं?"

"व्यायल," मी म्हटलं. "पण तिच्या पोटातलं काही तुमच्या गल्ल्यात जाणार न्हाई."

त्यांनी भाकरी कुस्करून ताक मागितलं. मला वाटलं, पटलं.

मला एकच पाहिजे होतं, पिल्लं जगली पाहिजेत. गल्लीत एक थोराड बोका आहे, कान फाटलेला. मागच्या साली त्यानं पलीकडच्या पिठाच्या गिरणीतली पिल्लं मारून टाकली, एकसुद्धा ठेवलं नाही. माझ्या आतल्या खोलीच्या खिडकीला जाळी आहे आणि दाराला फट नाही. तिथं पलंगाखाली मी तिच्यासाठी जागा केली. मांजरी रोज दुपारी येऊन ती जागा पायांनी चाचपून बघायची. माझी काळजी मिटली होती.

मग जावेनं सुरू केलं. आधी साय, मग सायीचं दही. आमच्यात मांस-मच्छी नाही, नाहीतर तिनं तेही मांडून ठेवलं असतं. मांजरी खायची, तोंड पुसायची आणि माझ्याकडं निघून यायची. तेव्हा जावेनं हैदराबादच्या लेकीकडून एक पाकीट मागवलं. वर गोऱ्या गुबगुबीत मांजराचं चित्र, आत वाळका हिरवा चुरा. कॅटनिप म्हणे. परदेशातली मांजरं त्याच्या वासानं येडी होतात, लोळतात, लाळ गाळतात, हे सगळं तिनं मला परसात उभं राहून मोठ्यानं ऐकवलं. मग एका पोत्यावर चुरा पसरला. मांजरी आली, तिनं वास घेतला, एकदा शिंकली आणि पोत्याकडं पाठ करून शेपूट चाटत बसली. मी पोट धरून हसले. त्या बाईच्या तोंडावर हसायला मिळणं हे माझ्या नशिबात क्वचित येतं, मी ते सोडत नाही.

पण तिचं माहेर मुडबीचं. हार मानणं तिच्या रक्तात नाही. पाऊस सरून परसात तण माजलं होतं, त्यात भिंतीच्या कडेनं कुप्पी उगवली होती. कुणी तिला खोकली म्हणतात. लेकरांना खोकला झाला की पानांचा रस देतात, खरजेला मीठ घालून चोळतात. पानं खुडली तर मांजर ढुंकून बघत नाही. झाड मुळासकट उपटलं आणि मुळी उघडी पडली, की खेळ सुरू होतो. हे जावेला माहेरच्या शेतात निंदताना ठाऊक झालेलं. तिनं एक रोप उपटलं, मुळीची माती झटकली आणि आपल्या उंबऱ्यात टाकलं.

मांजरी माझ्या पायाशी होती. तिचे कान उभे राहिले. ती गेली, मुळीला नाक लावलं, गाल घासला, मग सगळं अंगच टाकून दिलं. एवढं जड पोट घेऊन ती फरशीवर गडबडा लोळायला लागली. लाळ गळत होती, डोळे कुठंतरी लागले होते. मी हाक मारली तर तिनं ओळखसुद्धा दाखवली नाही. मी वाढवलेलं जनावर त्या बाईच्या उंबऱ्यात दारुड्यासारखं पडलं होतं, आणि ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. तिच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

"बघ," ती म्हणाली. "तुला सोडून कशी लोळायलीय."

"अक्का, त्या मुळीला काय ती एकटीच येती काय? गल्लीतली सगळी मांजरं येतील. बोका येईल."

"कामून जळायलीस? आपल्या पायानं आलीय ती. म्या काय बांधून आणलंय?"

त्या मुळीचा अंमल फार वेळ टिकत नाही. थोड्या वेळानं मांजरी उठली, अंग झाडलं आणि शरमल्यासारखी माझ्याकडं आली. पण जाव रोज ताजं रोप उपटत होती आणि मांजरी रोज जात होती. जाता जाता तिला तिकडच्या कोठीखोलीतली पोत्यांच्या आडोशाची जागा सापडली. एका सकाळी ती तिथंच व्यायली. जाव पहाटेपासून राखणीला बसलेली. जेर तिनं अक्षरशः मांजरीच्या तोंडातून काढली. हे तिनंच मला सांगितलं, लेकाचं लग्न जमल्यासारखं सांगितलं. पिल्लं किती, कशी, ते मी विचारलं तर म्हणाली, "हायत की तीन-चार. बघितलं न्हाई नीट."

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. दोन दिवसांनी मांजरी पिल्लाला मानेला धरून परसातून माझ्या मागल्या दारी आली. काळं, पांढऱ्या पायांचं होतं. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि दुसरं आणायला वळली. मी पिल्लू पदरात घेतलं, आत नेणार एवढ्यात जाव आली.

"दे इकडं."

"तिनं स्वतः आणलंय, अक्का. तिला हिकडं पाहिजे."

"व्यायलीय माझ्या घरात. पिल्लं घराबाहेर गेली की बरकत बी जाती. दे म्हणते न्हवं."

तिनं पदरात हात घालून पिल्लू ओढलं. ओढाताणीत ते मरेल म्हणून मी सोडलं. तिला त्याची भीती नव्हती, म्हणून ती जिंकली. मग मांजरीनं पुन्हा पिल्लं हलवू नयेत म्हणून तिनं काय केलं असेल, तर कुप्पीची जुडीच्या जुडी उपटली, मुळ्या ठेचल्या आणि कोठीखोलीच्या चौकटीला बांधल्या. दार उघडं. दार लावलं की मांजरी ओरडायची आणि ह्या बाईची झोप मोडायची. मी भिंतीपलीकडून बोलले, भांडले, भावजींना मध्ये घातलं. भावजी म्हणाले, "बायकांच्या भांडणात मला ओढू नका."

त्या दुपारी आधी दोन परकी मांजरं चौकटीखाली लोळताना दिसली. मी काठी घेऊन हाकलली. त्यानंतर मी भाकरी टाकत होते तेव्हा मांजरीचा आवाज आला. तसला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. धावले. बोका चौकटीतून बाहेर पडला, जाता जाता त्यानं मुळ्यांना गाल घासला आणि सावकाश भिंतीवर चढला. आत पोत्यांमागं पिल्लं पडली होती. सगळी. पांढऱ्या पायांचं पिल्लू मला ओळखू आलं. मांजरी एकेकाला चाटून उठवायला बघत होती.

जाव मागून आली, बघितलं, तोंडाला पदर लावला. "शिवा शिवा," म्हणाली. "त्याच्या मनात असल ते व्हतंय." मग कोपऱ्यातला केरसुणी-सुपडा आणून माझ्या हातात द्यायला लागली. मी घेतला नाही. पिल्लं मी हातानं उचलली आणि परसात पुरली. तिनं तोवर चौकटीवरच्या मुळ्या सोडून टाकल्या होत्या.

चार दिवसांनी ती माझ्या दारात आली. हातात लाल फडक्याची पुडी होती. जेर वाळली होती, तिनं ती मधोमध कापली होती.

"वाटणी झालेलं घर हाय," ती म्हणाली. "अर्धी तुझी. उद्या म्हणू नको, जावंनं एकटीनं गिळलं."

"नालीत टाक ती," मी म्हटलं.

आमचे हे दुकानातून मागं आले होते. त्यांनी पुडीकडं बघितलं, धोतराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढं केले. पुडी घेऊन कपाळाला लावली.

"पिल्लं तर गेलीच की," मला म्हणाले. "हे कामून वाया घालवायचं?"

जाव समाधानानं माझ्याकडं बघून निघून गेली. मांजरी चुलीजवळ बसली होती. तिचं दूध अजून गळत होतं, प्यायला कुणी नव्हतं. मी तिला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि कडी घातली. ह्यांनी जेवायला म्हणून दार वाजवलं. मी उघडलं नाही.