वर्षालीच्या नावाचं रक्त

वर्षाली वेडी नव्हती, आणि कामचोर तर अजिबात नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या लाइनवर अजून दोघी-तिघी आहेत ज्या म्हणतात, "तिचं डोक्याचंच होतं थोडं." त्यांना काय डोंबल माहीत आहे! मला माहीत होतं. एकटीला माहीत होतं, आणि मी मूग गिळून बसले होते.

मी सुमन. चाकणला गाड्यांच्या वायरिंगचा कारखाना आहे, तिथं लाइन लीडर आहे. माझ्या हाताखाली बेचाळीस बायका. समोर उभा बोर्ड असतो, त्यावर वायरी खोचायच्या, टेप गुंडाळायची, क्लिपा लावायच्या आणि बोर्ड पुढे सरकवायचा. एका बोर्डाला साठ सेकंद. साठाचे पासष्ट झाले की डोक्यावरचा लाल दिवा लागतो. दिवा लागला की साहेब त्या बाईकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

वर्षाली भूम तालुक्यातली. लग्न होऊन इथं मेदनकरवाडीत आली, नवरा ज्ञानेश शेजारच्या कंपनीत प्रेस मशीनवर, एक लहान पोरगी. चार वर्षांपूर्वी माझ्या लाइनवर आली तेव्हा काडीसारखी होती आणि हात असे चालायचे की बघत राहावं. पन्नास सेकंदांत बोर्ड मोकळा करायची आणि उरलेल्या दहा सेकंदांत शेजारणीची खोडी काढायची. तोंडाचा पट्टा अखंड चालू. मलाही सोडायची नाही. "ताई, आज तुम्ही ओरडला नाहीत, बरं वाटत नाही का?" असं सगळ्यांसमोर विचारायची. मी डोळे वटारायचे आणि पाठ फिरवून हसायचे. लेकीसारखी लागली होती मला ती, आता म्हणायचा हक्क उरलाय की नाही ते माहीत नाही.

गेल्या थंडीत तिचे हात मंदावले. आधी साठ, मग पासष्ट, मग सत्तर. मला वाटलं घरात भांडण झालं असेल. मग आवाज घोगरा झाला. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, सकाळी डोळे उघडायचे नाहीत. टोपी काढली की टोपीत केसांचा गुंता. खाणं अर्ध्यावर आलं आणि वजन वाढतच चाललं. बायका कॅन्टीनमध्ये हसायच्या, "गोड बातमी दिसतेय!" ती आधी हसून उत्तर द्यायची. नंतर हसायची पण नाही आणि उत्तरही द्यायची नाही.

आता त्या आठ मार्चचं सांगते. महिला दिन. कंपनीनं सगळ्या बायकांना एकेक गुलाब दिला आणि मोफत तपासणीचं शिबिर ठेवलं. रक्त, साखर, थायरॉइड, सगळं एका दमात. ऑफिसातून मला सांगितलं, "सुमनताई, तुमच्या लाइनचे बेचाळीसच्या बेचाळीस झाले पाहिजेत. फोटो वर पाठवायचाय." आता आकडा म्हटलं की लाइन लीडरचं डोकं एकाच दिशेनं चालतं. बेचाळीस म्हणजे बेचाळीस. एक्केचाळीस झाले तर ती माझी नाचक्की.

वर्षालीचा नंबर शेवटी होता. रक्त घ्यायला आलेल्या लॅबच्या पोरानं तिचं बोट टोचून साखर बघितली आणि दंडाला पट्टा बांधायला घेतला, तेवढ्यात तिला भोवळ आली. दोघींनी उचलून तिला आतल्या बाकावर झोपवलं. जेवणाची सुट्टी संपत आलेली, लाइन सुरू करायची घंटा वाजायला पाच मिनिटं. टेबलावर तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली नळी रिकामी. त्या पोराला परत जायची घाई आणि मला लाइनची. मी बाही वर केली आणि म्हटलं, "माझंच घे रे, कोण बघतंय." त्यानं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि सुई लावली. माझी नळी आधीच भरली होती. दुसरी तिच्या नावानं भरली. आम्ही एकमेकींची हजेरी लावतो, एकमेकींच्या नावानं सेफ्टी ट्रेनिंगला सह्या करतो, त्यातलंच एक. तसंच वाटलं मला. फाइलला कागद लागला की झालं, असंच आम्ही वर्षानुवर्षं काम करतो. तासाभरात विसरूनही गेले. वर्षालीला वाटलं, बोट टोचलं तेव्हाच तिचं रक्त घेऊन झालं.

तिचे डॉक्टर सुरू झाले ते त्यानंतर. पहिला गल्लीतला. त्यानं पापणी ओढून बघितली, "रक्त कमी आहे," म्हणाला आणि लाल गोळ्या दिल्या. महिन्यानं परत गेली तर कमरेत इंजेक्शन दिलं. फरक शून्य. तिच्या शेजारच्या खोलीत साबिया राहते, तिला स्वतःला थायरॉइडचा त्रास आहे. तिनं एक दिवस वर्षालीचा गळा हातानं चाचपला आणि म्हणाली, "अगं, माझं अस्संच होतं. थायरॉइड बघायला सांग." वर्षालीला तेवढाच आधार मिळाला. निदान नाव तरी सापडलं होतं दुखण्याला.

पण नाव घेतलं की डॉक्टर चिडायचे. एकानं विचारलं, "मोबाईलवर वाचून आलात का?" दुसऱ्यानं कंपनीचा रिपोर्ट बघितला, बोटानं आकड्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "नॉर्मल आहे. दोन पॉइंट एक. याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? वजन कमी करा, चाला." ती म्हणाली, "दिवसभर उभीच असते मी." तो म्हणाला, "उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे." येऊन मला सांगताना तिच्या त्या घोगऱ्या आवाजात हसायचा प्रयत्न केला तिनं. मला इतका संताप आला त्या माणसाचा! अजूनही येतो. पण मग आठवतं की त्याच्या हातात जो कागद होता तो खरा असता, तर त्याचं फार चुकलं नसतं.

मेमध्ये ती स्वेटर घालून यायला लागली. चाकणचा मे, वर पत्र्याची शेड, आम्ही घामानं निथळतोय आणि ही बाई पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बोर्डासमोर उभी. लाल दिवा सारखा लागायचा. आमच्या लाइनचे साहेब रविराज, त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुमनताई, महिनाअखेरीला पुढं ठेवायच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांची यादी जाणार. वर्षालीचं नाव काढून टाका. तिच्यामुळं सगळी लाइन रखडते." मी म्हटलं, "साहेब, आजारी आहे ती. एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवते." ते म्हणाले, "दाखवा. पण यादी तीस तारखेला जाणार."

कंपनीच्या दवाखान्यात मंगळवारी डॉक्टर येतात. मी स्वतः तिला घेऊन गेले. तिनं सगळं सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द जड झाल्यासारखा. शेवटी म्हणाली, "सर, थायरॉइड असेल का?" डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "आठ मार्चचंच आहे की तुमचं. महिला दिनाचं शिबिर. थायरॉइड ठणठणीत."

आठ मार्च. तो रिपोर्ट. देवा, ठणठणीत होते ती मी!

तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. आणि मग डोळ्यांसमोर सगळं आलं. खोटा मेडिकल रिपोर्ट, तोही कंपनीच्या फायलीत. अठरा वर्षं झाली मला इथं. दहावी नापास बाई, कॉन्ट्रॅक्टवर झाडू मारण्यापासून सुरुवात करून लाइन लीडर झालेली. या वयात मला दुसरं कोण उभं करणार? मी तोंड मिटलं. वर्षाली माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हटलं, "चल, घंटा व्हायची वेळ झाली."

त्यानंतर मी पळवाटा शोधल्या. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "बाहेर एकदा परत करून घे ना तपासणी. माझ्या ओळखीची लॅब आहे." ती म्हणाली, "नको ताई. ज्ञानेश चिडतो. म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहे, तीन डॉक्टर सांगतात, तुला आजार हवाच आहे का?" मी ज्ञानेशला फोन केला. तो बिचारा वाईट माणूस नाही, थकला होता. "ताई, तुम्हीच समजवा तिला. दिवसभर झोपते, पोळी करता करता उभीच राहते, काय करत होते ते विसरते. आता बाबा-बुवाच राहिलाय करायचा." मला तेव्हा त्याला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी म्हटलं, "सांगते समजावून." फोन ठेवला आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी असं वाटलं.

शनिवारी ती बोर्डासमोर उभ्या उभ्या झोपली. हातात टेप तशीच. शेजारणीनं धरली म्हणून, नाहीतर कपाळ लोखंडावर आपटलं असतं. सोमवारी पायऱ्या चढताना तिनं दोनदा थांबून श्वास घेतला. बत्तीस वर्षांची पोर! मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज घंटा व्हायची आणि मी घरी जायचे. ताट अर्ध्यावर सारून उठायचे. नवऱ्यानं विचारलं काय झालंय, तर त्याच्यावरच खेकसले.

ज्ञानेशनं चिंचवडच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. गुरुवारी. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून मी गेले तिच्याबरोबर. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून होती. आकुर्डीच्या पुढे म्हणाली, "ताई, खरं सांगा. मी सोंग करते असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही गं."

"मला वाटायला लागलंय. एवढी माणसं म्हणतात तर असेल. स्वतःला न कळता सोंग करत असेन मी."

मी तिचा हात धरला. थंडगार होता, फ्रिजमधून काढल्यासारखा.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. नीट ऐकून घेतलं. मग फाइल उघडली, वरच तो कागद. वाचला, चष्मा काढला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "हे बघ बाळा, शरीरात काही सापडत नाही तेव्हा मन थकलेलं असतं. लाजायचं कारण नाही. मी तुला मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. झोपेची गोळीही देते." आणि लिहायला लागल्या.

वर्षालीनं मान हलवली. भांडली नाही, रडली नाही, नुसती मान हलवली, "बरं मॅडम." माझी वर्षाली, जी साहेबांनाही उलट बोलायची! ती मान हलवताना बघितली आणि माझा बांध फुटला.

"मॅडम, लिहू नका," मी म्हटलं. "ते रक्त तिचं नाही. ते माझं आहे."

पेन थांबलं. मी सगळं सांगितलं. शिबिर, भोवळ, बेचाळीस, रिकामी नळी. शेवटी म्हटलं, "माझ्या आत्ता लक्षात आलं, मॅडम." एवढं एक खोटं त्याही वेळी तोंडातून निघालंच.

डॉक्टरीणबाई इतक्या संतापल्या की खुर्चीतून उठल्या. "काय खेळ वाटला का तुम्हाला? कुणाचं रक्त कुणाच्या नावावर! अहो, मरतात माणसं अशानं!" मी खाली मान घालून ऐकत होते. मग त्या वर्षालीकडे गेल्या, गळ्यावर बोटं ठेवून गिळायला सांगितलं, मनगट धरून घड्याळाकडे बघितलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला, पण किती सावकाश! त्यांनी लिहिलेली चिठ्ठी फाडून टाकली आणि नर्सला हाक मारली, "हिचं रक्त घ्या. हिचं. माझ्यासमोर."

वर्षाली माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. पण ती म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते?" आणि घळाघळा रडायला लागली. ते रडणं सुटकेचं होतं, आणि मला ते मारापेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात जाऊन स्वतःच्या हातानं लिहून दिलं. माझी सही, तारीख, सगळं. रविराज साहेबांनी तीनदा वाचलं. "घरी थांबा, कळवतो," म्हणाले. मी म्हटलं, "थांबते. पण यादीतून वर्षालीचं नाव काढू नका, तिचं आजारपण खरं आहे." त्यांनी माझा कागद फाइलमध्ये लावला.

दुपारी तिचा फोन आला. रिपोर्ट हातात होता, ती अडखळत वाचत होती. चारच्या आत असायला पाहिजे तो आकडा शंभराच्या वर होता. मशीनला त्यापुढचं मोजताच आलं नव्हतं. गोळी सुरू केली होती, रोज सकाळी उपाशीपोटी. हृदयाचीही तपासणी सांगितली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की अजून थोडे दिवस गेले असते तर बेशुद्ध पडली असती.

मी म्हटलं, "बरी होशील आता. लवकर बरी होशील." माझा जीव भांड्यात पडला होता, आणि लाज वाटत होती की तो पडलाय.

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या खरंच काल लक्षात आलं?"

हो म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता, तेवढी भोळी आहे ती.

"नाही," मी म्हटलं. "आपल्या कंपनीच्या दवाखान्यात. मंगळवारी."

"म्हणजे नऊ दिवस."

"हो."

ती हिशेब करत असावी. बोलायला तिला तसाही वेळ लागायचा त्या दिवसांत.

"रविवारी," ती म्हणाली, "मी ज्ञानेशला सांगितलं, मला गावी आईकडे नेऊन सोड, पोरीला तू सांभाळ. वेडी आई नको म्हटलं तिला. त्यानं माझी बॅगसुद्धा भरली होती, ताई."