मला विचारायला येऊ नकोस

दवाखान्याची वेबसाइट सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाला सहकारी ‘सुसाट’ म्हणत, कारण त्याची पानं बोट टेकवताच उघडायची. यात त्याची कर्तबगारी अशी काही नव्हती. सर्व्हर पान पाठवतो तेव्हा सोबत चार ओळी सूचनाही धाडतो. माणसांना त्या दिसत नाहीत, फोनला दिसतात. सुसाटने तिथे लिहिलं होतं: ही प्रत वर्षभर ठेव, मला विचारायला येऊ नकोस. फोन बिचारे आज्ञाधारक. ते आपल्याजवळचीच प्रत काढून दाखवायचे आणि शाबासकी हा लाटायचा.

चित्रांना, बोधचिन्हाला हे चालून जातं. पत्त्याच्या पानाला मात्र ‘प्रत ठेव, पण दाखवण्याआधी मला विचार’ असं सांगायचं असतं. काही बदललं नसेल तर सर्व्हर ‘तीच चालव’ एवढंच कळवतो. पण पानापानाचा वेगळा विचार करणं याच्या जिवावर आलं. सगळ्यांना एकच सूचना लावून गडी मोकळा!

पुढे गुडघेदुखीचा तो दवाखाना तिसऱ्या मजल्यावरून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर गेला. याने पत्ता बदलला, सूचनाही गुपचूप सुधारली आणि हात झटकले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, पेशंट अजून तिकडचे जिने चढताहेत! लिफ्ट नाही तिथे!"

तेव्हा कुठे याच्या डोक्यात प्रकाश पडला. सर्व्हर विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारू नका असं त्या फोनना यानेच बजावलं होतं. कुणाच्या फोनमधली मुदत आठ महिने बाकी, कुणाच्या अकरा. तोवर दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढायचे, याच्या आळसापायी.

मग हे वेगाचे बादशहा जुन्या इमारतीच्या जिन्याशी स्टूल टाकून बसले. येईल त्याचा फोन घ्यायचा, पान बोटाने खाली ओढून फोनला सर्व्हरकडे पुन्हा विचारायला लावायचं, की नवा पत्ता हजर.

"कुठल्या शहाण्याने केलंय हे?" एका आजोबांनी विचारलं.

"तो शहाणा मीच."

आजोबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि पटल्यासारखी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा एक बाई कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. त्याची मावशी.

"अगं, मला फोन करून विचारायचं ना!"

"विचारणार होते रे. पण म्हटलं, तू लिहिलंयस, मग विचारायचं कशाला?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला स्टुलावर बसवून तो तिच्या गुडघ्याशी उकिडवा बसला. वर बघायची हिंमत होईना.

"यापुढे दर वेळी विचारत जा, मावशी."

"बरं. मग सांग, दवाखाना आज तरी त्या नव्या जागेत आहे ना?"

उत्तर त्याला पाठ होतं. तरी त्याने खिशातून फोन काढला आणि आधी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं.