अकरा गाठी पाणी

गेल्या महिन्यात सांगलीहून गुरुजींच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, शेवटी कुणाला ओळखत नव्हते... एवढंच बोलली. आठवड्याने तिने पाठवलेलं पुडकं आलं. आत एक जुनी वही होती. अक्षर माझं होतं.

मुलांनो, तुम्ही लांब आहात, म्हणून क्रमाने सांगते. चाळीसच्या दशकात वडूजजवळच्या आमच्या शाळेत गुरुजी विज्ञान शिकवायला आले. तेव्हा त्याला सृष्टिज्ञान म्हणत. फळ्यापाशी ते फार वेळ टिकत नसत. आम्हाला माळावर नेत, वारुळं दाखवत, ओढ्यातले दगड फोडायला लावत आणि दर शनिवारी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर नेत. दोरीला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला दगड. ती तळाला टेकवायची, वर ओढायची आणि ओल्या गाठी मोजायच्या. मी नीटनेटकी म्हणून वही माझ्याकडे. त्यांचा नियम एकच होता, जे पाहिलं ते लिहायचं आणि कुणी पाहिलं तेही लिहायचं.

तानी वर्गाच्या दाराबाहेर बसायची. तिच्या वस्तीतल्या माणसांना आमच्या विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवायला बंदी होती. पण मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका शनिवारी गुरुजींनी दोरी तिच्या हातात दिली.

"अकरा," ती म्हणाली. "बारावी निम्मीच वली हाय, ती धरायची न्हाई."

मी लिहिलं: पाणी अकरा गाठी. मोजणारी, तानी. आणि घरी जाऊन वही कौतुकाने वडिलांना, दादांना, दाखवली.

सोमवारी दादा चार माणसं घेऊन शाळेत आले.

"आवं मास्तर, आमच्या हिरीत दोरी कुणी सोडली?"

"वहीत आहे ते खरं आहे," गुरुजी म्हणाले.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मी चुकून लिहिलं, दोरी मीच सोडली होती. वाटलं, एवढ्याने तानी वाचेल, गुरुजीही वाचतील... सगळ्यांसमोर मी तिचं नाव खोडलं. गुरुजी रागावले नाहीत. फक्त वही आपल्याकडे घेतली आणि म्हणाले, "आता या वहीतलं काहीच खरं धरता येणार नाही."

तरीही तानीला पुन्हा शाळेत येऊ दिलं नाही. बाहेरचे तास बंद झाले. महिन्याभरात गुरुजींनी नोकरी सोडली आणि सांगलीत हळदीच्या वखारीत जन्मभर कारकुनी केली. मला मात्र त्याच दादांनी इंग्रजी शाळेत, पुढे कॉलेजात घातलं. नंतर एकदा गुरुजींना भेटले. त्यांनी चहा दिला, पावसापाण्याचं बोलले. शाळेचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढवला नाही.

विहीर आता बुजवली आहे. तानीचं पुढे काय झालं, सांगणारं कुणी उरलेलं नाही. काल वही उघडली आणि खोडलेल्या जागेशेजारी तिचं नाव पुन्हा लिहायला पेन हातात घेतलं. इतर प्रत्येक शनिवारपुढे मोजणाऱ्याचं नाव आहे, आडनावासकट. तानीचं आडनाव मला आठवेना... मग कळलं, ते मला कधी माहीतच नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

पेनाला टोपण लावलं. वही टेबलावर तशीच आहे.