मुक्ताईनगरचे हरवलेले टास्क

"मॅडम, तुमचं बटण म्हणतं टास्क झाला, आणि सुमनअक्कांच्या बागेत टोळीच गेली नाही."

सकाळी सव्वानऊला जळगावहून चौधरी सरांचा फोन. देवपूरच्या घरी माझा चहा हातातच राहिला.

सर केळी निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसचे मॅनेजर. त्यांच्यासाठी मी मेलच्या प्रोग्रामला ॲड-इन लिहून दिलं होतं, म्हणजे वरून जोडलेलं एक बटण. कुणाची बाग कधी कापायची याचा मेल आला, की ऑफिसातल्या ताई ते दाबायच्या. मग त्या तालुक्याच्या फोल्डरमध्ये तारखेसकट टास्क तयार व्हायचा. तालुक्याचा माणूस फक्त आपला फोल्डर बघून मजुरांची टोळी पाठवायचा.

अक्कांची बाग काल कापायची होती. टोळीची वाट पाहून शेवटी त्यांनीच ऑफिसात फोन केला. निर्यातीची केळी हिरवी असतानाच, वेळेवर कापावी लागते. उशीर झाला तर ती वाटेत पिकते, म्हणून पॅकहाऊस घेत नाही. कंटेनर संध्याकाळी निघणार होता. सरांनी टोळी लगेच पाठवली होती. मला त्यांनी एवढंच विचारलं, "अशा अजून किती बागा राहिल्यात?"

मला माहीत नव्हतं.

घरूनच त्यांचा कॉम्प्युटर जोडून घेतला. आधी पारोळा तालुक्याचा टास्क करून पाहिला, नीट पडला. मग अक्कांच्या मुक्ताईनगर तालुक्याचा केला, त्यालाही हिरवी खूण आली. मग फोल्डरांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तळाशी 'मुक्ताईनगर' होता. वर, त्याच्या मूळ जागी, 'एदलाबाद' या मुक्ताईनगरच्या जुन्या नावाचा फोल्डर होता. त्या नावाचा फोल्डर मी बनवलाच नव्हता.

मुक्ताईनगरचं काम नाना बघतात, साठीचे आहेत. त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, "नाव मीच बदललं. आमी जलमभर एदलाबादच म्हनत आलो. मुक्ताईनगर म्हटलं का मले मंदिर आठोते, काम नही."

नानांवर चिडायची सोय नव्हती. माझा कोड फोल्डर नावाने शोधायचा. सापडला नाही, तर गुपचूप त्याच नावाचा नवा बनवून त्यात टास्क टाकायचा. हे लिहिलं त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते. अतिशहाणपण नडलं, दुसरं काय.

कुणीच न उघडलेल्या त्या नव्या फोल्डरमध्ये माझा चाचणीचा सोडून तीन टास्क होते: अक्कांचा, एक आजचा, एक उद्याचा. आजच्या बागेचं नाव मी नानांना फोनवरच वाचून दाखवलं. नानांनी तिकडे दुसरी टोळी काढली.

पाचला सरांनी कळवलं: बाकीच्या दोन्ही बागांची चिंता नाही, पण अक्कांची निम्मीच केळी निर्यातीला लागली. उरलेली गावच्या बाजारात जाणार. वर्षभर जपलेली बाग होती ती. मी अक्कांना फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं.

"केयी काही कोनासाठी थांबत नही, बाई," त्या म्हणाल्या. "मी इचारलं म्हनून आर्धी तरी वाचली."

आता माझा कोड फोल्डर नावाने नाही, त्याच्या आयडीने शोधतो. नाव बदललं तरी आयडी तोच राहतो. नानांचा फोल्डर अजून एदलाबादच आहे. आणि फोल्डर सापडलाच नाही, तर कोड थांबतो आणि विचारतो. अक्कांनी जे केलं, तेवढंही मी त्याला शिकवलं नव्हतं.