वसंताचं विमान

वसंता गेल्याचं त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी पालघरच्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळत होतो. फोन ठेवल्यावर समोरची बातमी मी शेवटपर्यंत वाचली. काय वाचलं ते मात्र आठवत नाही... त्याला आता महिना होऊन गेला.

वसंता एडवणचा, माझा शाळेपासूनचा मित्र. एकाहत्तरच्या युद्धात तो हवाई दलाच्या तळावर लढाऊ विमानांची देखभाल करायचा. त्याने सज्ज करून दिलेलं एक विमान सकाळी उडालं, ते परतलंच नाही. इतक्या वर्षांत हे तो एकदाच बोलला, तेही वाडीत केळींना पाणी सोडताना, पाठमोरा राहून. निवृत्तीनंतर तो गावी आला. पुढे पालघरच्या एका कॉलेजच्या मैदानात त्याच जातीचं जुनं विमान चौथऱ्यावर आणून ठेवलं, आणि कोणी न सांगता वसंता त्याचं बघू लागला. एसटीने यायचा, पिल्लं उडून गेली की इंजिनाच्या तोंडातली साळुंक्यांची घरटी काढायचा, पंख पुसायचा.

खाऱ्या वाऱ्याने पत्र्यावर पांढरी भुकटी धरू लागली, तेव्हा आमच्याकडे होडीला करतात तेच त्याने केलं. विमानाला मुशी माशाचं तेल चोपडलं. मैदानात मांजरांचा मेळा भरला. प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं. घरी वहिनी म्हणाल्या, "विमान हाय का सुकट? कपडे पयले भायेर ठेवा." तोही हसला. पण लाकूड तेल पितं, पत्रा पीत नाही. तेलावर धूळ बसली, धुळीत मीठ आणि ओल राहिली, आणि रिवेटांभोवतीचा पत्रा कुजू लागला. दूरच्या एका विमान संग्रहालयातून पाहायला आलेल्या बाईंनी हे त्याला हळुवारपणे समजावलं. छपराखाली नेलं तर विमान टिकेल, इथे फार दिवस नाही, असं त्यांचं मत पडलं. प्राचार्यांनी निर्णय वसंतावर सोडला.

तो बराच वेळ चाकाशी उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "न्या. एक गेलं ते परत आलं नाय. ह्ये कुटंतरी हाय, येवडं तरी म्हाईत राहील."

पंख उतरवून विमान ट्रेलरवर चढवलं. वसंता रिक्षाने मनोरच्या नाक्यापर्यंत त्याच्या मागोमाग गेला. संग्रहालयाचं बोलावणं पुढे आलं, पण तब्येतीमुळे जाणं झालं नाही.

मैदानात येणं मात्र त्याने सोडलं नाही. रिकाम्या चौथऱ्याच्या डाव्या अंगाला, भर उन्हात, डबा उघडून बसायचा. पलीकडे बदामाची दाट सावली होती. मी तिकडे बोलावलं की नुसती मान हलवायचा. म्हातारपणाचा हट्ट, असं मी मनाशी म्हणत असे.

परवा दुपारी मी त्याच जागी जाऊन बसलो... डाव्या पंखाची सावली या वेळी इथेच पडायची.