पिवळ्या टिप्परचा बंपर

रस्त्याच्या कडेला गंजलेलं टिप्पर उभं दिसलं की ते प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे आजही जसंच्या तसं उभं राहतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे मात्र वेगळं राहिलं. संबंधित माणसं अजून याच भागात राहतात, म्हणून नावं कुणाचीच घेत नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. येलदरी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याचा बराच भाग आमच्या हद्दीत येई. सकाळची हजेरी आटोपली होती, समन्स घेऊन अंमलदार बाहेर पडले होते. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, नवरा-बायको आलेत. तक्रार काय ते सांगेनात. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात."

ज्याचं काही चोरीला गेलंय किंवा ज्याला मार बसलाय, तो माणूस दारातूनच बोलायला लागतो. ठाण्यात येऊन जो गप्प बसतो, त्याला बहुधा बोलल्यामुळे काहीतरी गमवावं लागणार असतं. मी दोघांना आत बोलावलं.

माणूस चाळिशीचा, वालूरकडच्या एका वस्तीवरचा. घरची मेंढरं होती, पण तो स्वतः वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या टिप्परवर ड्रायव्हर होता. बायको त्याच्या मागे न राहता शेजारी उभी राहिली. त्याने गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. उघडून पाहिलं तर मोटारसायकलची नंबर प्लेट. मधोमध दुमडलेली, कडा गंजलेल्या, पण आकडे वाचता येत होते.

"ही कुठे सापडली?"

"आमच्याच गाडीत, साहेब," तो म्हणाला. "मेंढरं विकून जुनं टिप्पर घेतलंय. गाडी लय गंजलेली. वेल्डरकडं लावली, हौद्याचा तळ बदलला, दरवाजांचा पत्रा बदलला. बंपर एका बाजूनं फुगला व्हता. वेल्डर म्हणला, ह्याच्यावर नुसती पट्टी मारलीय, आतून गंज वाढायलाय, कापून काढू. कापलं तर आत ही अडकलेली."

"मग माझ्याकडे का आणली?"

"टिप्परच्या बंपरात मोटारसायकलची पाटी कशी जाती, साहेब? मी ड्रायव्हर हाय. मला कळतंय."

मी त्याला मुद्दामच विचारलं, "फेकून दिली असती तर कुणाला पत्ता लागला असता?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तीच बोलली. "आमाला तर ठावं राहिलं असतं की. ह्यांनी रोज त्याच गाडीत बसायचं हाय. लेकरं बी बसणार." मग तिने विचारलं, "गाडी जाईल का आमची?"

"जप्त करावी लागेल. तुम्हाला खोटं सांगत नाही."

तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "करा मंग."

नंबर तपासायला दिला. तो संगणकावर निघण्याआधीच आमच्या जुन्या जमादाराने प्लेट हातात घेतली आणि तिथेच स्टुलावर बसला. "साहेब, ही आपल्याच हद्दीतली. मासेवाला."

माझी बदली तिथे होण्याच्या आधीची गोष्ट. धरणाकाठच्या गावातला एक तरुण पहाटे मासे घेऊन बाजाराला निघाला होता. अज्ञात वाहनाने त्याला उडवलं. उजाडल्यावर लोकांना तो रस्त्याच्या कडेला सापडला, मृतावस्थेत, आणि मासे डांबरावर पसरलेले. मोटारसायकलची पुढची नंबर प्लेट गायब होती, तशी पंचनाम्यात नोंद होती. पंचनामा या जमादारानेच केला होता. साक्षीदार नाही, कॅमेरा नाही. शेवटी 'अ समरी' मंजूर झाली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. फाइल कपाटात गेली होती.

पंच घेऊन आम्ही वेल्डरच्या दुकानावर गेलो. मोटार वाहन निरीक्षकांनाही बोलावलं. कापलेला बंपर मी उन्हात ठेवायला सांगितला. मूळ लोखंडावर आधी निळा रंग होता, त्यावर पिवळा. वर मारलेल्या पट्टीखाली तो पिवळा रंग शाबूत होता, फक्त वेल्डिंगच्या कडेला करपलेला. याचा अर्थ सरळ होता. गाडी पिवळी झाल्यानंतर ती पट्टी लागली. मी फोटो काढून घेतले, निरीक्षकांचं लेखी मत घेतलं. टिप्पर ओढून ठाण्याच्या आवारात आणून लावलं. तो माणूस गाडीमागे चालत आला. गाडी उभी राहिल्यावर त्याने काचा वर करून दरवाजे नीट लावले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांना गाडी विकणारा एका खडी क्रशरचा मालक होता. अपघाताच्या वेळी गाडी त्याच्याच नावावर असल्याचं आरटीओच्या नोंदीवरून कळलं. नोटीस देऊन त्याला बोलावलं. पांढरे कपडे, बोलायला मोकळा. मी आधी प्लेटचा विषय काढला नाही. चहा मागवला आणि गाडीबद्दल बोलत बसलो.

"निळी होती म्हणे गाडी?"

"मी घेतली तवा निळी व्हती. पिवळी मीच केली, साहेब. आपल्या समद्या गाड्या पिवळ्या हाईत."

"बंपर कुणी दुरुस्त केला?"

"आधीच्या मालकानं केला असंल. मी त्याला हात न्हाई लावला."

हे दोन्ही जबाब रायटरने उतरवून घेतले. मग मी म्हणालो, "एक गोष्ट कळत नाही. चालू टिप्परचा हौदा खडीने घासून चकचकीत राहतो. तुमच्या गाडीच्या हौद्याला गंजून भोकं पडली होती. धंदा जोरात असताना गाडी उभी का ठेवली?"

"ड्रायव्हर मिळेना."

"बाकीच्या गाड्यांना मिळत होते ना?"

तो हसला. खोटं बोलणारा माणूस ज्या प्रश्नाची तयारी करून येतो, तिथे भरपूर बोलतो. ज्याची तयारी नसते, तिथे त्याचे हात हलायला लागतात. त्याने कप उचलला, न पिता खाली ठेवला. मी बंपरचे फोटो त्याच्यासमोर मांडले आणि दोन रंगांचा अर्थ समजावून सांगितला. शेवटी प्लेट ठेवली.

त्याने तिला हात लावला नाही. मग तो म्हणाला, "झाका ते, साहेब. सांगतो."

त्या दिवशी ड्रायव्हर रजेवर होता. खेप अडली होती म्हणून तो स्वतःच गाडी घेऊन निघाला. वळणावर पेंग आली. आवाज झाला तेव्हा जाग आली. पुढे जाऊन गाडी थांबवली, मागे आरशात पाहिलं.

"हात हलायलता त्याचा," तो म्हणाला. "मी उतरलो न्हाई."

दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानात जाऊन त्याने फाटलेल्या बंपरवर पट्टी मारून घेतली. आत काय अडकलंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. "पुन्ना त्या गाडीत बसवंना मला. दुसऱ्यालाबी देऊ वाटंना. शेडमागं लावली. पाऊस-पाणी खाल्लं तिनं. शेवटी डोळ्यांपुढं नको म्हणून इकली."

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे खरं काम त्यानंतर सुरू झालं. न्यायालयाला कळवून बंद तपास पुन्हा उघडला. पट्टी मारणारा कारागीर शोधला, त्याने गाडी आणि मालक दोघांना ओळखलं. त्या दिवशी रजेवर असलेल्या क्रशरच्या ड्रायव्हरचा जबाब घेतला. परत आला तेव्हा गाडी शेडमागे उभी होती आणि मालकाने तिची किल्ली दिली नाही, असं त्याने सांगितलं. बंपर, पट्टी आणि प्लेट न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवली.

मृताच्या वडिलांना मी ठाण्यात बोलावून घेतलं. तेही मासेमारी करणारे, वाळलेल्या अंगाचे. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"लगेच गेलं का माझं लेकरू?"

असे प्रश्न मला अनेकांनी विचारले आहेत, आणि 'हो, त्रास झाला नाही' असं म्हणून मी अनेकांना घरी पाठवलं आहे. इथे तसं करता येणार नव्हतं. उद्या न्यायालयाच्या आवारात त्यांना ते कुणाकडून तरी कळलंच असतं.

"बाबा, थोडा वेळ जीव होता, असं आरोपी सांगतो. तो थांबला असता तर वाचला असता का, हे मला सांगता येत नाही."

ते खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "त्येच पिवळं टिप्पर का? कुणी आणून दिलं ते?"

मी सांगितलं. योगायोगाने प्लेट आणून देणारा तो ड्रायव्हर त्या दिवशी आलाच होता. गाडीचा अर्धा पत्रा नवा होता, रंग अजून लागलेला नव्हता, म्हणून अधूनमधून येऊन तो उघड्या जागेवर जुनं ऑइल फासून जाई. आवारात जप्त गाड्यांचं काय होतं, हे तो डोळ्यांनी बघत होता. म्हातारे उठून त्याच्याकडे गेले. मी व्हरांड्यात थांबलो. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. दोघं चाकाशेजारी सावलीला बसले होते, ड्रायव्हरची मान खाली होती. बऱ्याच वेळाने म्हातारे परत आले.

"त्येची गाडी सोडा, साहेब. त्येनं काय केलंय? आता नीट केलीय, पुन्ना गंजून जाईल."

सोडणं माझ्या हातात नव्हतं, ते न्यायालयाच्या हातात होतं. पण अहवाल माझा होता. तपासणी आणि फोटो पूर्ण झाले आहेत, बंपर स्वतंत्र मुद्देमाल म्हणून ठेवला आहे, गाडी आताच्या मालकाला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर, देण्यास हरकत नाही, असं मी त्यात लिहिलं. हा अहवाल टपालाने न पाठवता जमादाराच्या हाती दिला. म्हाताऱ्यांनी न्यायालयात उभं राहून आपलीही हरकत नसल्याचं सांगितलं. गाडी सुटली. पुढे खटला चालला आणि क्रशरमालकाला शिक्षा झाली.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, सगळ्यात मोठा तपास कोणता. मी हाच सांगतो, आणि ऐकणारे थोडे नाराज होतात, कारण यात धावपळ नाही, पाठलाग नाही. पण कपाटातली फाइल आमच्या हुशारीने उघडली नाही. ज्यांचं सगळं त्या गाडीत गुंतलं होतं, तीच दोघं ती पाटी घेऊन आली. माणसं पोलिसांना माहिती देत नाहीत, अशी तक्रार मीही नोकरीभर करत होतो. माहिती दिल्यावर त्या माणसाचं काय होतं, हे मात्र आम्ही फार क्वचित पाहतो. त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे मी पहिल्या दिवशी आवारातल्या जप्त गाड्यांमधून फिरून येत असे आणि प्रत्येक गाडीपाशी ठाणे अंमलदाराला विचारत असे, ही कुणाची, आणि हिच्याविना त्याचं घर सध्या कसं चाललंय.